कासवाचं चित्र

परवा गावी गेलो होतो. नानांनी मला गाडीत बसवलं, किल्ली फिरवली आणि समोरच्या स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं, "दादा, ह्ये कासव कशापायी काढलंय हितं?"

नाना म्हणजे आमचे ड्रायव्हर. वय साठीला आलेलं, शिक्षण सातवी, आणि गाडी चालवण्याचा अनुभव माझ्या वयाइतका. आमची सीताफळं, अंजीर आणि हंगामात वाटाणा घेऊन ते पहाटे दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातात आणि दहा-अकरापर्यंत रिकामे क्रेट घेऊन परत येतात. आधी मॅटाडोर होती, मग छोटा हत्ती, आणि गेल्या वर्षीपासून विजेवर चालणारा छोटा टेम्पो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते एका कंपनीबद्दल नाही.

मी सांगितलं, "नाना, बॅटरी फार उतरली किंवा फार तापली की ते कासव दिसतं. म्हणजे आता गाडी मुद्दाम हळू चालणार, जोर देणार नाही."

नाना हसले. "आसं व्हय! मला वाटलं, द्येवळात असतंय तसं शुभ म्हनून काढलंय. दोनदा दिसलं, मी दोनदा हात जोडले."

मीही हसलो. पण पुण्याला परत येताना ते हसू काही टिकलं नाही. आठ महिने हा माणूस ती गाडी रोज घाटातून नेतोय, आणि आठ महिन्यांत त्या चित्राचा अर्थ त्याला कुणी सांगितला नाही. कुणी म्हणजे कोण? विकणाऱ्याने सांगितला नाही, माझ्या भावाने सांगितला नाही आणि मीही सांगितला नाही. गाडीचं माहितीपुस्तक माझ्याच कपाटात, आरसीच्या फायलीत, प्लास्टिकच्या पिशवीत होतं. इंग्रजीत आहे म्हणून "तुझ्याकडेच राहू दे" असं भाऊ म्हणाला होता आणि मी ते ठेवून दिलं होतं. उघडलं नव्हतं.

*

गाडी घेतली तो दिवस मला आठवतो. नारळ, हार, पेढे, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात घेऊन फोटो. मग वीस मिनिटं त्या पोराने आम्हा दोघा भावांना माहिती दिली. त्यातली पंधरा मिनिटं मोबाइलच्या अ‍ॅपची. गाडी कुठे आहे ते दिसेल, किती वेगाने गेली ते दिसेल, ड्रायव्हरने किती जोरात ब्रेक मारले ते दिसेल, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली तर निरोप येईल. भाऊ खूश. मी पण खूश, कारण अ‍ॅप माझ्या फोनवर चालू करायचं होतं; घरातला शिकलेला मी! नाना बाजूला उभे होते. त्यांना किल्ली मिळाली आणि "चालवायला एकदम सोपी आहे काका, गिअरच नाही" एवढं वाक्य.

चालवायला ती सोपी आहे हे खरंच आहे. क्लच नाही, गिअर नाही. पुढे, मध्ये, मागे एवढंच. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते, त्यामुळे भरलेली गाडी चढावर उचलताना जी कसरत करावी लागायची ती गेली. पण चालवायला सोपी असणं आणि समजायला सोपी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण सगळेच पहिलीवर खूश होऊन दुसरी विसरतो.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या गाड्या तरी कुणी शिकवल्या होत्या? बरोबर आहे. पण जुनी गाडी स्वतः शिकवायची. छोट्या मालगाडीला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचा. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली, ती तीनचाकी हॅन्सिएट आली, पुढे मॅटाडोर आली, आणि नाव आपल्या भाषेत कायमचं बसलं. त्या सगळ्या गाड्या बोलक्या होत्या. इंजिन ठोका द्यायचं, धूर काळा व्हायचा, क्लचचा जळका वास यायचा, स्टिअरिंग थरथरायचं. नाना बॉनेटवर हात ठेवून सांगायचे की पाणी कमी आहे. शिवाय एक उस्ताद असायचा. नाना स्वतः चार वर्षं क्लीनर होते. टायर बदलत, शिव्या खात, बघत बघत शिकले.

विजेच्या गाडीत यातलं काहीच नाही. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. तिला जे सांगायचं ते ती चित्रांतून आणि आकड्यांतून सांगते. म्हणजे चालवणाऱ्याला वाचावं लागतं. आणि उस्ताद कुठून आणणार? अशी गाडी वीस वर्षं चालवलेला माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. तेव्हा जी गोष्ट पूर्वी गाडी आणि उस्ताद मिळून शिकवायचे ती आता कुणीतरी मुद्दाम बसून शिकवायला हवी.

*

आता ज्या प्रकारामुळे हे लिहायला घेतलं तो सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे तीन वाजता नानांनी क्रेट भरून किल्ली फिरवली तर गाडी मेलेली. स्क्रीन काळा. दिवा नाही, काही नाही. भाऊ उठला, त्याने आरडाओरडा केला. शेवटी शेजारच्याची गाडी मिळेपर्यंत उजाडलं, माल उशिरा पोचला आणि पडत्या भावाने गेला. पिकलेलं सीताफळ कुणासाठी थांबत नाही. भावाने मला फोन केला. मी झोपेतच म्हणालो, "चार्जिंगला लावायला विसरले असतील." नाना परोपरीने सांगत होते की लावली होती, रात्री हिरवा दिवा बघून झोपलो. पण काळ्या स्क्रीनपुढे त्यांचं कोण ऐकणार? महिनाअखेरीस भावाने त्यांच्या पगारातून दोन हजार कापले. मला माहीत होतं. मी काही बोललो नाही.

दुपारी सर्व्हिसवाला पोरगा आला. त्याने एक साधी बारा व्होल्टची बॅटरी आणून दोन वायरी जोडल्या. स्क्रीन उजळला. चार्जिंग किती? ९४ टक्के!

कारण असं की अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, जिच्यावर गाडी धावते. दुसरी लहान, बारा व्होल्टची, आपल्या नेहमीच्या गाडीत असते तशी. दिवे, हॉर्न, स्क्रीन आणि गाडीचा मेंदू या लहान बॅटरीवर चालतो. मोठ्या बॅटरीची वाट उघडणारे जे स्विच असतात त्यांनाही वीज या लहान बॅटरीचीच लागते. ती मेली की मोठी कितीही भरलेली असो, दार उघडत नाही. तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली, असा प्रकार.

मग लहान बॅटरी उतरली कशी? भावाने बाहेरच्या दुकानातून पंखा आणि गाण्याची टेप बसवून घेतली होती. दुकानदाराने वायर थेट लहान बॅटरीला जोडली. किल्ली काढली तरी टेप थोडी थोडी वीज पीत राहायची. आणि यापुढचं लिहायला मला लाज वाटते. अ‍ॅपने त्या आठवड्यात दोनदा निरोप पाठवला होता की लहान बॅटरी उतरते आहे. माझ्या फोनवर. ऑफिसात सारखं टिंग टिंग वाजतं म्हणून मी त्या अ‍ॅपचा आवाज बंद केला होता.

म्हणजे चूक भावाची, दुकानदाराची आणि माझी. पैसे कापले नानांचे.

माझा मुद्दा इथेच आहे. या गाड्यांमध्ये माहिती भरपूर आहे, पण ती कुणाकडे जाते ते बघा. मालकाला गाडीची सगळी माहिती आणि ड्रायव्हरला नुसती गाडी. वर जबाबदारी मात्र ड्रायव्हरची. ज्याला यंत्राने काही सांगितलंच नाही त्याला यंत्र बंद पडल्याबद्दल दंड करणं याला मी अन्याय म्हणतो, आणि तो आमच्या घरात झाला.

*

त्यानंतर मी ते पुस्तक बाहेर काढलं आणि दोन शनिवार-रविवार नानांजवळ बसून वाचलं. मी वाचायचो, ते ऐकायचे. मला वाटलं होतं मी शिकवणार. झालं थोडं उलटं.

उदाहरणार्थ, उतारावर पाय उचलला की गाडी आपोआप अडते. मोटर तेव्हा उलटं काम करते, चाकांच्या जोरावर वीज तयार करून बॅटरीत परत टाकते. हे मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो तर नाना म्हणाले, "त्ये ठावं हाय. पर पोट भरल्यालं आसलं की गाडी उतारावर घास घेत न्हाय. आन घास न्हाय घेतला तर अडत बी न्हाय."

मी पानं उलटली. अगदी तेच लिहिलं होतं! बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागा नसते, म्हणून गाडी अशी अडणं कमी होतं किंवा बंद होतं. आमचं शेत घाटमाथ्यापासून फार लांब नाही. रात्रभर शंभर टक्के भरलेली गाडी थोड्याच वेळात भरल्या मालानिशी घाटाला लागते. म्हणजे जिथे अडण्याची सगळ्यात गरज, तिथेच ती कमी. नानांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, काळजात धस्स होऊन कळलं होतं. वाक्य त्यांचं आणि पुस्तकाचं एकच, फक्त त्यांचं वाक्य जास्त चांगलं होतं.

मग आम्ही हिशेब मांडला. बॅटरी किती मोठी हे किलोवॉट-तासात लिहिलेलं असतं. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलातलं एक युनिट. आमची बॅटरी साधारण २० युनिटची. माल धरून गाडीचं वजन दोन टन आणि घाटाची उंची २०० मीटर धरली, तर तेवढं वजन नुसतं वर उचलायला एक युनिटच्या थोडं वर लागतं. चाकांचं घर्षण, वारा हे वेगळं. आमचं नशीब असं की माल खाली जातो आणि रिकामी गाडी वर येते. स्वित्झर्लंडमध्ये एका सिमेंट कारखान्याच्या खाणीत विजेचा प्रचंड डंपर आहे, तो रिकामा चढतो आणि साठ-पासष्ट टन दगड घेऊन उतरतो, त्यामुळे बऱ्याच फेऱ्यांत चढताना खर्च झाली त्याहून जास्त वीज उतरताना मिळवतो. हे सांगितल्यावर नाना बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "म्हंजी आपन बी त्येचंच भावंड."

तेव्हा ठरलं, की रोज गाडी शंभरपर्यंत भरायची नाही, नव्वदच्या आसपास सुटेल असं बघायचं. पण इथे आणखी एक मेख आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्ञान फिरत असतं की ऐंशीच्या वर कधीच चार्ज करू नका. ते काही प्रकारच्या बॅटऱ्यांना रोजच्या वापरात ठीक. आमची लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती शिल्लक आहे हे गाडीला नीट कळत नाही; आत किती आली, बाहेर किती गेली याची बेरीज-वजाबाकी करून ती अंदाज बांधते आणि चूक साठत जाते. पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात. आम्ही आठवड्यातून एक दिवस ठरवला. त्या दिवसाची पहाट नाना घाट अगदी हळू, पायाच्या ब्रेकवर उतरतात. जो 'यूट्यूबवर सगळं मिळतं' म्हणतो त्याला मी हे सांगतो. मिळतं, पण आपल्या गाडीचं आणि आपल्या घाटाचं मिळत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. सुरुवातीला चार्जर लाल दिवा दाखवून चार्ज करायला नकारच द्यायचा. आमच्या जुन्या घराला अर्थिंग धड नव्हतं. गावचा वायरमन म्हणाला, "काय नाय, न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून टाकतो, चार्जर फसतो." भाऊ तयारही झाला होता. आमच्या आईने हाणून पाडलं, कारण तिला पूर्वी पाण्याच्या मोटरचा शॉक बसलेला आहे. तिचं बरोबर होतं. अशी जोडणी केली आणि कधी वरची न्यूट्रलची तार तुटली, तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरू शकते. ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी त्या गाडीला हात लावणारा कोण? नानाच. शेवटी खड्डा खणून रीतसर अर्थिंग केलं. चार्जरचा लाल दिवा आपल्याला छळायला नसतो, एवढं कळायलाही आम्हाला आठवडा लागला.

आणि तिसरी, सगळ्यात साधी आणि सगळ्यात धोक्याची. गाडी चालू आहे की बंद, हे ऐकू येत नाही. स्क्रीनवर एक छोटी हिरवी खूण असते, ती दिसली की गाडी निघायला तयार आहे. मार्केटमध्ये हमाल मागून क्रेट उतरवत होते आणि नाना बंद समजून आत वळून बसायला गेले. पाय पेडलला लागला, गाडीने हातभर उडी घेतली. कुणाला लागलं नाही हे त्या हमालाचं नशीब. उभ्या जागेवरून पूर्ण जोर देणारी मोटर, ही जाहिरातीतली कौतुकाची गोष्ट अशा वेळी अशी दिसते. तेव्हापासून नियम : उतरायचं नसलं तरी गाडी थांबली की किल्ली बाहेर आणि खिशात.

*

२०१५ साली केंद्राची फेम योजना आली, २०१९ साली तिचा दुसरा टप्पा, २०२४ साली पीएम ई-ड्राइव्ह. आपल्या राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२१ साली आलं, त्यानंतरचं २०२५ साली. अनुदान किती, चार्जिंगची ठिकाणं किती, याची चर्चा चहाच्या टपरीवरसुद्धा चालते. व्हायलाच हवी. मी काही या गाड्यांच्या विरोधात नाही. घाटात आता धूर खावा लागत नाही, आणि डिझेलचा खर्च आठवला की भाऊ आजही गाडीला नमस्कार करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीच्या किमतीत चालवणाऱ्याचे दोन तास धरलेले असावेत. मालकाचे नव्हेत, चालवणाऱ्याचे. त्याच्या भाषेत, त्याच्या गाडीत, त्याच्या रस्त्यावर. स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्राचा अर्थ मराठीत लिहिलेला एक कागद. आणि अ‍ॅपमध्ये ड्रायव्हरवर नजर ठेवण्याची जेवढी सोय आहे, तेवढी त्याला इशारा देण्याची.

हे कुणी करेपर्यंत आपण मालकांनी करायला काय हरकत आहे? आम्ही एक कागद केला. अक्षर माझं, शब्द बरेचसे नानांचे. तो केबिनमध्ये चिकटवलाय. त्यावर असं आहे :

१. हिरवी खूण दिसली म्हणजे गाडी जिवंत आहे. आवाजाची वाट बघू नका.
२. पोट भरलेलं असेल तर घाटात पायाच्या ब्रेकवर, हळू.
३. कासव आलं की नमस्कार नको, जवळची जागा बघून थांबा.
४. स्क्रीन काळा म्हणजे चार्जिंग संपलं असं नाही. आधी लहान बॅटरी बघा.
५. चार्जरचा लाल दिवा लागला तर कुणालाही जुगाड करू देऊ नका.
६. नारिंगी जाड वायर दिसली तर हात लावायचा नाही. त्यात मोठ्या व्होल्टेजची वीज असते.

सहावा मुद्दा मी घातला. तिसऱ्यातला 'नमस्कार नको' नानांनी स्वतः घालायला लावला.

राहता राहिले ते दोन हजार. भावाने ते दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळून दिले, एक शब्द न बोलता. त्याचा स्वभाव तसाच आहे. मी मात्र परवा गाडीतच नानांना म्हणालो, "नाना, त्या दिवशी चूक माझी होती. फोन माझ्याकडे होता." ते काचेतून पुढे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दोन हजाराचं काय न्हाय, दादा. पर मी हिरवा दिवा बघितल्याला, त्ये कुनाला खरं वाटंना."

यावर काय बोलणार?

अ‍ॅप आता त्यांच्या नातवाने त्यांच्या फोनवर घालून दिलंय. इशारे इंग्रजीतच येतात. तो वाचून दाखवतो.